एकच रिंग

यादवरावांनी जन्मभर नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवला आणि हिमालय पाहिला तो फळ्यावर टांगलेल्या नकाशात. निवृत्त झाल्यावर मात्र गडी हट्टाला पेटला. नेपाळच्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून, सरहद्दीवरच्या गावांतून एकट्यानं हिंडायचं म्हणे! तेही २००५ साली, तिकडे माओवाद्यांची धामधूम चालू असताना. बायकोनं, कमलाबाईंनी, अबोला धरला. हॉलंडात लायडनला राहणाऱ्या लेकीनं, मनालीनं, फोनवर आकांडतांडव केलं. म्हाताऱ्यानं कुणालाच भीक घातली नाही.

"पोचलो की मिस्ड कॉल देत जाईन," एवढंच म्हणाले.

हा त्या घरचा जुना कायदा, मनाली हॉस्टेलला गेली तेव्हापासूनचा. एकच रिंग द्यायची आणि फोन ठेवून द्यायचा, म्हणजे माणूस सुखरूप. उचलायचा नाही, उचलला की करणाऱ्याला पैसे पडतात. मनाली आता सायन्स पार्कात बरी कमावत होती, नवऱ्याचीही नोकरी चांगली होती, पण कायदा तो कायदा. आपली माणसं कुठंही गेली तरी असल्या सवयी बॅगेत घालून नेतातच.

महेंद्रनगरहून एक रिंग आली. मग डडेल्धुऱ्याहून, मग महाकालीकाठच्या दार्चुल्याहून, जिथं पूल ओलांडला की आपला देश. मनालीची सहा वर्षांची मितू आजोबांच्या जुन्या ॲटलसमध्ये त्या त्या गावावर आईची लाल टिकली चिकटवायची. मध्ये बरेच दिवस काहीच आलं नाही. मनालीचा जीव टांगणीला लागला. मग जुम्ल्याहून रिंग आली आणि ती खुर्चीत बसून रडली. पुढचा मुक्काम सिमिकोट, हे ठरलेलंच होतं.

सिमिकोटची रिंग रविवारी दुपारी आली. मनाली कणीक मळत होती. फोनवर नेपाळचा नंबर उमटला, एकदा वाजला, पुन्हा वाजला, वाजतच राहिला.

"ममा, आजोबा इज स्टिल रिंगिंग!" मितूनं हात पुढे केला.

"नको उचलू गं! आजोबांचे पैसे पडतील."

बऱ्याच वेळानं फोन थांबला. "म्हातारा ठेवायचा विसरला बघ," मनाली हसून म्हणाली. मितूनं सिमिकोटवर टिकली लावली.

ती शेवटची टिकली. यादवराव त्याच रात्री गेले. मनालीचा धाकटा भाऊ अश्वजित तिकडे धावला आणि त्यांच्या अस्थी घेऊन आला. मनाली नागपूरला पोचली तेव्हा त्यानं तिला गच्चीवर नेऊन सांगितलं.

"फोनच्या दुकानातल्या बाई भेटल्या, ताई. बाबा छाती धरूनच आले होते. त्या म्हणाल्या, आधी दवाखान्यात चला. तर म्हणे, आधी लेकीशी बोलतो. रिंग जाऊ दिली, जाऊ दिली..."

"मग?"

"मग ठेवला. हसले. बाईंना म्हणाले, नाही उचलायची ती. शहाणी आहे. मीच शिकवलंय."

शहाणी! हा एक शब्द बाबांकडून ऐकायला मनाली लहानपणी काय काय करायची. आता तो तिला ऐकवेना. बाबांना काय सांगायचं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी ती लायडनच्या घरी सायकलला कुलूप लावून आत शिरली आणि फोन वाजला. नागपूरचा नंबर, म्हणजे आईचा रोजचा निरोप. मितू धावत आली आणि फोनपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. एरवी मराठीला इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर देणारी पोर, खणखणीत मराठीत म्हणाली, "नको उचलू! आजीचे पैसे पडतील."

मनालीनं तिला बाजूला सारलं, जवळजवळ ढकललंच, आणि आईनं ठेवायच्या आत फोन उचलला.

"अगं, उचललास कशाला?" आई करवादली. "मी नुसतं कळवायला..."

"बोल आई," मनाली हुंदके देत म्हणाली. "पैसे पडू देत. काहीही बोल."

आई म्हणाली, "आज मेथीची भाजी केली होती. एकटीपुरती करवत नाही गं."