मोकळा पाट

आमेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी चितारी गोवर्धनजींनी चित्रावरचं फडकं काढलं आणि अनुसयेनं पदर तोंडाशी नेला. चित्रातली बाई तीच होती. नथ तिची, साताऱ्याचं हिरवं लुगडंही तिचंच. पण मागं काळे ढग दाटले होते, एक बगळा एकटाच उडत होता, आणि शेजारी फुलं पसरलेला मोकळा पलंग.

"अगं बया!" छावणीतून सोबत आलेली शेजारीण मालन हसत हसत खालीच बसली. "भावजींच्या चौकीवर लागणार हे! सगळी पलटण पलंग बघत बसंल."

"बाईसा, विरहिणी है," म्हातारे गोवर्धनजी समजावू लागले. "सूनी सेज नहीं, तो इंतज़ार कैसे दिखेगा?"

अनुसयेचे यजमान, सुभेदार सर्जेराव, वर्षभर सीमेवर बर्फात होते. तिचं पत्र दर पंधरवड्याला जायचं: इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. त्यापुढं एक अक्षर लिहायला हात धजत नसे. ते न लिहिलेलं ह्या चित्रानं जाऊन सांगावं, एवढीच आस. उद्या रजा संपवून मालनचे उत्तमराव ते घेऊन त्याच चौकीवर निघणार होते. पण सांगायचं ते असं? चारचौघांत?

तिनं डोळे मिटले. रंगाच्या वासात कुठूनसा धुपाचा वास मिसळला. आषाढीपासूनचा नेम डोळ्यांपुढं आला: जेवताना शेजारी त्यांचा पाट मांडायचा, भोवती रांगोळी घालायची, आणि मगच घास घ्यायचा. हे तिनं मालनलाही सांगितलं नव्हतं.

"भैयाजी," ती हळूच म्हणाली, "पलंग पुसा. तिथं पाट काढा, आपला बसायचा. भोवती रांगोळी."

"और बैठेगा कौन?"

"कुणी नाही. मोकळाच."

म्हाताऱ्यानं सगळ्यांत बारीक कुंचला उचलला. ढग राहिले, बगळाही राहिला. किल्ल्यावरचं ऊन उतरत गेलं, रंग वाळत गेला, आणि अनुसयेला वाटलं, पाटाचं लाकूड ऊबदार आहे. कुणी आत्ताच हात धुवायला उठलंय.

महिन्यानं पत्र आलं. "चित्र मिळालं. जवान विचारतात, पाट कुणाचा? म्हटलं, माझा. दिवाळीला रजा मंजूर."

पत्र देवापुढं ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. पाट मांडलेलाच होता. आजची रांगोळी तिनं जरा रुंद घातली. माणूस बसायचा म्हणजे मांडीला जागा लागते.