तगलेलं झाड

"हलवून काय बघतेस, उपट," फुल्हेन्सियो म्हणाला. कासिल्दाने वाळलेल्या खोडाला मिठी मारून जोर लावला, तसं लिंडनचं झाड मुळासकट हातात आलं. फुल्हेन्सियो स्पेनमधल्या मुर्सिया शहराच्या बागखात्यातला तिचा मुकादम. गल्ली मात्र तिची स्वतःची होती, आणि वरच्या खिडकीतून तिचा नवरा हिनेस सगळं बघत होता.

दोन वर्षांपूर्वी खात्याने रोपवाटिकेत झाडांची परीक्षा घेतली होती. उन्हाळे वर्षागणिक कडक होत चाललेले. तेव्हा जूनपासून कुंड्यांना थेंबभरही पाणी द्यायचं नाही आणि जे तगेल तेच शहरात लावायचं, असं ठरलं. राखणीला कासिल्दा. रानऑलिव्ह तगणार हे तिला दिसतच होतं. पण त्याची सावली पडेपर्यंत हिनेस कुठला उरायला! पक्षाघात झाल्यापासून तो त्या खिडकीशीच जखडलेला, आणि दुपारी तिथे भट्टी पेटायची. लिंडन भराभर वाढतं, पानही रुंद. म्हणून ती आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी रोज लिंडनच्या कुंड्यांत ओतत राहिली.

कॉपी करून पास झालेल्या पोरासारखं लिंडन पहिल्या नंबराने उतरलं. तिच्या गल्लीत दुतर्फा लागलं. बिनपाण्याचंच झाड ते, म्हणून यंदा खात्याने पाण्याच्या नळ्या काढून नेल्या. खिडकीखालचं एक तरी जगावं म्हणून तिने बादल्या ओतल्या, तर पाणीटंचाईत ही चैन कसली, म्हणून शेजाऱ्यांनीच तक्रार केली. जुलैत सगळी पानं करपली.

काम उरकून ती वर आली. खाली खड्ड्यांत आता रानऑलिव्हच्या बोटभर जाडीच्या काड्या उभ्या होत्या.

"यांची सावली कधी पडायची गं?" हिनेसने विचारलं.

"पडेल. वेळ लागतो."

"म्हणजे मी गेल्यावर." तो वाकड्या तोंडाने हसला. मग म्हणाला, "ज्याने ती लिंडनं निवडली ना, त्याचं तळपट होवो. तूही म्हण. माझ्या एकट्याच्या शापात आता जोर नाही राहिला."

कासिल्दाने चादर पाण्यात बुडवली, पिळली आणि खिडकीवर ताणून बांधू लागली. तिला रडू फुटत होतं, पण पाठ त्याच्याकडे होती.

"म्हण ना."

"तळपट होवो," ती म्हणाली.

"हां, अस्सं," तो समाधानाने म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. दुसरी गाठ मारेपर्यंत चादरीची पहिली कड वाळलीसुद्धा.