गावदेवीला वळसा

"यवढ्या चुन्यान माजा आख्खा घर रंगला असता," बाळाजी पुटपुटला. मॅडमना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण ऐकू यावं इतक्या जवळून.

प्राचीने ऐकलं आणि चुन्याची बादली दुसऱ्या हातात घेतली. खरवई गावाला लागून नवं विद्यापीठ उभं राहिलं, इमारतीला काचा लागल्या, लिफ्ट लागली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलांना पळायला जागाच नाही. प्राची ग्रंथालयात होती. शाळेत असताना आपण पळायचो, असं ती एकदा चहा पिताना बोलून गेली, तेवढंच निमित्त झालं. कुलसचिव हेमचंद्र सरांनी तिला अ‍ॅथलेटिक्सची प्रमुख केलं. पगार ग्रंथालयाचाच राहिला.

बाकी सगळी जमवाजमव. भाल्याच्या जागी बांबू. गोळा अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातला. कपडे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या धर्मेशशेठनी शिवून दिले, जीन्सच्या उरल्यासुरल्या कापडाचे. त्यामुळे शर्यतीला उभी राहिलेली मुलं कॉलेजला दांडी मारून आल्यासारखी दिसायची.

मैदान गावाचं. भातकापणीनंतर ही जागा मिळाली ती गावातल्याच बाळाजीच्या शब्दाखातर, कारण त्याची पुतणी किर्ती याच विद्यापीठात बी.कॉम.ला होती. गावाची अट एकच. कोपऱ्यातल्या गावदेवीला हात लावायचा नाही आणि तिच्या अंगणात कुणी पायताण घालून जायचं नाही. देवी म्हणजे शेंदूर फासलेला दगड, वर पत्रा. पण ट्रॅकचं वळण जायला हवं होतं नेमकं तिच्या पाठीमागून. देवीच्या अंगणातून बुटांनी धावणार कोण? मग चारशे मीटर मोजून आणलेली दोरी आत ओढून वळण तिच्या पुढून घेतलं. दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या शेताचा बांध, तिकडेही आखडतं घेतलं. सर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "चारशे मीटर धरून चाला."

सगळे धरून चालले. किर्ती मात्र धावली.

दोन फेऱ्यांच्या शर्यतीत तिने इतकी कमी वेळ नोंदवली की फोनमधलं घड्याळ बिघडलं असं पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या फोनवरही तेच. गेल्या वर्षी राज्य संघाच्या निवड चाचणीत जी मुलगी पहिली आली होती, तिच्याही पुढे. सरांनी बदलापूर स्टेशनबाहेर फलक लावला. त्यात किर्तीपेक्षा सरांचा फोटो मोठा होता, पण किर्ती होती. बाळाजीने त्या फलकाखाली पेढे वाटले. प्राचीला देताना त्याने वर बघितलं नाही. दोरीचं दुसरं टोक पहिल्या दिवशी त्याच्याच हातात होतं.

प्राचीने आडून आडून प्रयत्न केले. एकदा मोजलेल्या रस्त्यावर पळून बघू या, म्हणाली. बाळाजी म्हणाला, रस्त्याला टँकर असतात. सरांकडे गेली, तर ऐन वेळी पोरीचा आत्मविश्वास घालवू नका, असं त्यांनी समजावलं आणि तिच्यासाठी चहा मागवला. चहा चांगला होता.

यंदाच्या निवड चाचणीला आठवडा उरला. सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता किर्तीने सहज सांगितलं. दुपारची ती धर्मेशशेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायची, कॉलेजची फी त्यातूनच भरायची.

"उद्या लास्ट डे आहे माझा, मॅडम. शेठ बोलला, सोच ले बेटा, दुसरी लडकी ठेवली तर परत जागा नाही. मी बोलली, सोच लिया. सिलेक्शन झालं की स्कॉलरशिप आहेच ना. काका पण काही नाही बोलला."

काका शेजारीच होता. गुंडाळलेली दोरी त्याने सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

प्राची उठली. गावदेवीपाशी गेली, चपला काढल्या, हात जोडले आणि बादली घेऊन देवीच्या पाठीमागून रेघ ओढायला लागली. अनवाणी गेलेलं देवीला चालत होतं. गावातल्या बाया रोज तशाच जात. बूट काढून पळावं, हे पहिल्या दिवशीही सुचलं असतं, पण सुचून घ्यायचं कुणाला होतं?

बाळाजी न सांगता आला. वहाणा काढल्या आणि दोरीचं टोक धरलं. रेघ देवीला मागून वळसा घालून निघाली, लांबत लांबत थेट बांधाला जाऊन भिडली, आणि तरी बाळाजीच्या हातात दोरी उरलीच. या खेपेला तो चुन्याबद्दल काही पुटपुटला नाही.

किर्ती एका पायात बूट घालून उभी होती. जुनी रेघ आणि नवी रेघ, दोन्हींकडे आळीपाळीने बघत होती.

"हे काय नवीन, मॅडम?"

प्राचीने बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले, तर पदरच पांढरा झाला.

"आपला ट्रॅक तोकडा आहे, पोरी," ती म्हणाली. "तू जोरात पळतेस. पण तेवढी जोरात नाही."