मानेचं मटण

राधाकिसन लढाईत पडल्याची तार येऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्याच्या बायकोला, छबूबाईला, कायमचं माहेरी न्यायला तिचा भाऊ गोरक्षनाथ आला. पदरी मूल नव्हतं. सासरे भिमाजींनी त्याला पडवीत घोंगडी टाकून दिली. सासू साळूबाई म्हणाली, "बाजार हू द्या. मग न्या."

बेलापूरच्या बाजारादिवशीच घरात मटण शिजायचं. आधी ते राधाकिसन आणायचा. तो पलटणीत गेल्यावर छबूबाई आणू लागली. साळूबाई खाटकाकडं कधी गेलीच नव्हती. भिमाजींचे दात पडलेले. बोटानं तुटेल असंच मटण त्यांना चाले.

"मला दाव कसं घ्यायचं ते," साळूबाई म्हणाली. दोघी पायी निघाल्या.

लढाई संपली तरी मटण महागच होतं. चांगली जनावरं नगरच्या छावणीला जात. पुंजाराम खाटकानं छबूबाईच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. टांगलेल्या मांडीला त्यानं सुरी लावली.

"मांडीतलं देतो, वहिनी. मानेच्याच भावात."

"मांडी नको," छबूबाई म्हणाली. "मान द्या. आन् थोडं छातीचं."

मग ती सासूकडं वळली. "मांडी दिसाया चांगली, आत्याबाई. पर लई येळ शिजवली की दोऱ्यावानी कोरडी हुती. मान चिवट असती. मंद जाळावर ठिवली की मऊ पडती, रस्सा बी दाट हुतो. आन् स्वस्त."

"मान न्हाई घावली तर?"

"खांदा घ्या. न्हाईतर नळीवरलं. वास घिऊन बघा आधी."

साळूबाईनं नाकावरचा पदर बाजूला केला, वाकून वास घेतला आणि मान डोलावली. छबूबाई अजून काहीबाही सांगत होती. तिचा आवाज तिलाच शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता.

घरी आल्यावर साळूबाईनं स्वतःच मडकं चुलीवर चढवलं. हळद, मीठ, लसूण घातला. पाणी आटलं तशी ती तांब्या घेऊन उठली.

"गार न्हाई. ऊन पानी घाला," छबूबाई म्हणाली. "आन् जाळ मागं वढा."

साळूबाईनं लाकडं मागं ओढली. पडवीत गोरक्षनाथ डोळ्यांवर पागोटं घेऊन पडला होता. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. साळूबाईनं एक तुकडा काढून दाबून पाहिला.

"झालं का?"

"न्हाई अजून."

दोघी चुलीपुढं बसून राहिल्या. जाळाकडं बघतच साळूबाई म्हणाली, "मी तुला ऱ्हा म्हनले न्हाई."

"व्हय."

"म्हनले आसते तर?"

छबूबाईनं विचार करून पाहिला. आत काही हललं नाही. "ठावं न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली.

साळूबाईनं पुन्हा जाळ सारखा केला. दिवस कलला तेव्हा कुठं मटण हाडापासून सुटलं. साळूबाईनं वाटण लावून रस्सा उतरवला. भिमाजींनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतून घेतला आणि ते खाली मान घालून जेवले.

"कुनी केलं?"

"मी," साळूबाई म्हणाली.

"मऊ झालंय."

एवढं बोलून त्यांनी हात ताटातच ठेवला. बराच वेळ उचलला नाही. कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. छबूबाईही जेवली. मीठ बरोबर पडलंय हे तिला कळलं. त्यापलीकडं काही नाही.

सकाळी गोरक्षनाथनं गाडी जुंपली. साळूबाई वेशीपर्यंत आली. तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. गाडी वळणावर गेल्यावर गोरक्षनाथ म्हणाला, "रडायचं तर रड, बाई. आता आपल्यातच हायेस."

"न्हाई येत," छबूबाई म्हणाली.

तिनं मागं वळून पाहिलं. साळूबाई थोडा वेळ तिथंच उभी होती. मग घराकडं वळली. जनावरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं.