खुराच्या वरचं हाड

खुराच्या वरचं, वीतभर लांब हाड... ब्रशनं माती सुटली तशा त्यावर तीन बारीक चिरा दिसल्या, एकाखाली एक, हाडाला वळसा घालून गेलेल्या. रुपरावचा हात थांबला. ह्या चिरा त्याला ओळखू येत होत्या.

मौद्याजवळच्या टेकाडावर जुन्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्याची बायको प्रयागबाई जाऊन तीन. घरात बसवेना, म्हणून तो हाडं धुवायच्या कामाला लागला होता.

"कापल्याच्या खुणा," सुमतीताई वाकून म्हणाली. नागपूरच्या महाल भागातली ही मुलगी कोणत्या थरात कोणतं हाड निघालं ते वहीत लिहायची. "म्हणजे स्तूप बांधणारेही ढोर खातच होते. धर्म बदलला, ताट नाही बदललं."

ती लिहू लागली, आणि रुपरावला ते अंगावर आल्यासारखं झालं. ताट बदललं नाही? छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आल्या आल्या प्रयागबाईनं वाळल्या मांसाचं मडकं उकिरड्यावर फोडलं होतं, मेली ढोरं सोलायची सुरी कन्हानच्या डोहात टाकली होती—आणि बजावलं होतं, त्या कामाचं नाव पुन्हा तोंडात आणायचं नाही. सोळा वर्षं त्यानं आणलं नव्हतं. आताही गप्प राहता आलं असतं... कोण विचारत होतं?

"थांबा ताई, लिहू नका. इथं मांसच नसते. हे कातडं काढल्याची खूण हाये. खाणारा मांडीचं हाड फोडते, आतल्या मगजासाठी. खालच्या थरातली पाहा, स्तूपाच्या आधीची, सारी फुटकी. वरची, स्तूपवाल्यायची, आख्खी हायेत. यायनं खाणं सोडलं होतं, सोलणं नाही."

सुमतीनं दोन्ही थरांच्या टोपल्यांतली हाडं ओळीनं मांडली. मग म्हणाली, "आमच्या सरांनाही हे दिसलं नाही. तुम्हाला कसं कळलं, रुपराव?"

गावात पाहिलं—एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"या हातानं सोलले, ताई. मग सोडलं. खाणंही, सोलणंही."

तिनं नजर चुकवली नाही. आधीची ओळ खोडली आणि म्हणाली, "पूर्ण नाव सांगा. अहवालात घालते." त्यानं बापाच्या नावासकट सांगितलं, सावकाश.

परतीच्या बसमध्ये प्रयागबाई ऐकू आली. काहून बोलले तुमी? सोळा वर्षं राखलं, अन् एका पोरीपुढं...

तुह्याच मोठेपणासाठी बोललो वं, तो मनात म्हणाला. ते लोक अर्ध्यावर थांबले. आपण नाही थांबलो. हे कोणी कधी सांगायचं?

तिला पटलं नसतं. ती दोन दिवस अबोला धरून बसली असती. धरू दे. ती गेल्यापासून आज पहिल्यांदाच त्याला तिच्याशी भांडावंसं वाटत होतं, आणि माघार घ्यावी असं मुळीच वाटत नव्हतं.