परीक्षक क्रमांक दोन

सुपात एकतीस सुपाऱ्या होत्या. बावीस पक्क्या, सोलून वाळवलेल्या. पाच किडक्या, सोलायला येणाऱ्या कमळने बाजूला सारलेल्या. आणि चार कोवळ्या, अजून हिरव्या सालीतच. दुर्गाने कोवळ्यांपैकी एक विळीवर उभी चिरली. आत पांढरा, ओलसर गर आणि त्यातून फिरलेल्या तपकिरी शिरा. तिने फोड जिभेच्या टोकाला लावली. जीभ आखडली, गालाची आतली कातडी हिरड्यांना चिकटल्यासारखी झाली... चिकटल्यासारखी. किहीमच्या या वाडीत ती लहानाची मोठी झाली, पैजा लावून कोवळी सुपारी चघळली, थुंकली, पुन्हा चघळली – आणि ओल्या कातडीला ओली कातडी धरून ठेवणारं काहीतरी आपल्या तोंडातच आहे, हे तिला एकदाही दिसलं नाही. आसामातल्या एका लहान कॉलेजातल्या दोघांना दिसलं.

त्या दोघांचा शोधनिबंध मागच्या पडवीत, लॅपटॉपवर उघडा होता. प्रत्येक पानावर फिकट, तिरक्या अक्षरांत ‘गोपनीय’. शस्त्रक्रियेत टाके घालूनही आतडं कुठेतरी पाझरतं. तिथे लावायचा, ओल्यावरही धरणारा डिंक. माशांच्या खवल्यांचं जिलेटिन आणि कोवळ्या सुपारीतलं तुरट टॅनिन – बस्स, दोनच गोष्टी. दुर्गाही पनवेलजवळच्या एका कॉलेजात साडेचार वर्षं पीएच.डी.साठी हेच करत होती, त्याच खवल्यांच्या जिलेटिनवर. फक्त टॅनिनच्या जागी तिच्याकडे परदेशातून येणारं, फ्रीजमध्ये ठेवूनही काळं पडणारं एक महागडं रसायन होतं. तिचा सांधा सहाशे ग्रॅम वजन पेलायचा. त्यांनी लिहिलं होतं – तेवढ्याच आकाराचा सांधा, एक किलो आठशे.

एका नियतकालिकाकडून निबंध तपासायला आला होता तो तिच्या मार्गदर्शक सरांकडे. सरांनी तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे ढकलला. असं पुष्कळ ठिकाणी चालतं, आणि पहिल्या वेळी विद्यार्थ्याला त्यात मान वाटतो. तिलाही वाटला होता. सरांच्या नावाने, सरांच्या पासवर्डने आत जायचं, दोन पानं मत लिहायचं, बाहेर यायचं. नियतकालिकाच्या लेखी ती नव्हतीच. याही वेळी ती तशीच आत गेली, आणि वसतिगृहाच्या खाटेवर बसून दुसऱ्या पानावरचा तक्ता तिने दोनदा वाचला. तिचा स्वतःचा निबंध अर्धाच लिहून झाला होता. तो छापून आल्याखेरीज प्रबंध द्यायचा नाही हा सरांचा नियम, आणि हा आसामचा आधी आला, तर तिच्या निबंधात छापण्यासारखं उरणार काय होतं?

प्रयोगशाळेच्या विजेचं काम निघालं, चार दिवस सुट्टी मिळाली, म्हणून ती घरी आली होती. सरांचा फोन मात्र सकाळीच आला.

“दुर्गा, नाकारू नकोस हं. नाकारलंस तर संपादकाला वास येईल. मोठी दुरुस्ती सुचव. उंदरांवर प्रयोग करून दाखवा म्हणावं. त्यांच्याकडे कुठले आलेत उंदीर! सहा महिने गेलेच समज.”

“पण सर... आकडे बरोबर असले तर?”

“असतील ना. सहा महिन्यांनी काय चुकीचे होणार आहेत का?” सर हसले. मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने म्हणाले, “हे मी माझ्यासाठी करतोय का? माझे झालेत छापून शंभर. तुझ्यासाठी करतोय. आज संध्याकाळपर्यंत पाठव.”

आणि खरंच तिच्यासाठीच होतं ते. तेच तर वाईट होतं. सर दुष्ट असते, तर तिला नुसतं त्यांच्यावर रागावून मोकळं होता आलं असतं...

फोन ठेवल्यावर तिच्या मनात एक फट उघडली. आकडे खोटे असले तर? लोक आकडे फुगवतात; तिने पाहिलं होतं. सुपारीने कुठे आतडं धरतं का? उद्या कुणी चहाच्या चोथ्याने धरेल. मी करून बघते. नाही धरलं, तर नाही धरलं असं लिहीन, आणि मग ती लबाडी राहणार नाही, तो अभिप्राय होईल, खराखुरा, हात धुऊन लिहिलेला. जिलेटिनची डबी तिच्या पिशवीत होतीच; वीज नसताना बिघडू नये म्हणून आणलेली तिच्या रसायनाची कुपी घरच्या फ्रीजमध्ये होती. सुपारी दारात होती. गोपनीय निबंधातली कृती स्वयंपाकघरात करून बघायची नसते, हेही तिला ठाऊक होतं. पण तो निबंध तिच्या हातात आला तेव्हाच गोपनीय राहिला नव्हता, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि सांगताना आपण सरांसारखं बोलतोय हे तिच्या कानांना कळलं.

कोवळ्या सुपाऱ्या उकळायला ठेवल्या, तेव्हा कमळ चुलीपाशी डोकावली.

“एवरी शिकली नि सुपारी शिजवते व्हय गो? आमची ठमी बारावी नापास, ती पन शिजवते.”

“ती कशाला?”

“दात दुखतो तिचा. गुळन्या करते.”

आई मागून ओरडली, “दुर्गे, ते दुधाचं पातेलं नाही ना घेतलंस? आणि ती आतडी माझ्या ओट्यावर ठेवलीस तर बघ!”

आतडी दादांनी आणली होती, चोंढीच्या मटणवाल्याकडून. दादा, तिचे वडील, शाळेतून निवृत्त होऊन आता वाडी बघत; गावात अजून त्यांना मास्तरच म्हणत. पिशवी तिच्या हातात देताना ते खुशीत होते. “तो म्हणाला, मास्तर, कुत्रा पाळलात काय? म्हटलं, नाही रे, पोरगी डॉक्टर होतेय. तर म्हणतो कसा, बकऱ्यांची का?” स्वतःच हसून झाल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “तुझं ते छापून कधी येतंय गं?”

“येईल, दादा.”

“आलं की एक प्रत मला. इंग्रजी असलं तरी चालेल.”

पाणी आटून लालसर, दाट झालं. कोमट जिलेटिनमध्ये तिने ते थेंब थेंब सोडलं, तसा भांड्याच्या तळाशी एक तपकिरी गोळा जमू लागला. मऊ, ओढला की तार धरणारा. निबंधात अगदी असंच लिहिलं होतं. बोटाला लागलेला तो गोळा नळाखाली धरला तरी सुटेना. अजून काही नाही, ती म्हणाली. बोटाला सगळंच चिकटतं. माझंही चिकटलं होतं.

तिने आतड्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, धुतल्या, टोकं एकमेकांवर ठेवून तीन जोड्यांना त्यांचा डिंक लावला, एकीला स्वतःचा. पट्ट्यांवर सपाट बुडाची ताटली ठेवली, ताटलीवर वरवंटा. तासभर थांबायचं.

हा तास तिला नको होता. ती लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर चार गोल: स्वीकारावा, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नाकारावा. आसामकरांचं इंग्रजी कच्चं होतं. एके ठिकाणी त्यांनी ‘आम्ही अतिशय आनंदाने मोजले’ असं लिहिलं होतं, आणि ते वाक्य काढून टाकायला त्यांच्या मार्गदर्शकालाही सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं आणि त्याने राहू दिलं होतं. भाषेवरूनही अडवता आलं असतं त्यांना. तिला तसंच अडवलं होतं – पहिलाच निबंध, दोन परीक्षक. पहिल्याने चांगलं म्हटलेलं, आणि परीक्षक क्रमांक दोन म्हणाला होता, नावीन्य नाही, भाषा सदोष, शिवाय प्राण्यांवरचे प्रयोग नाहीत. तीन ओळी. त्या तीन ओळींवर ती महिनाभर झोपली आणि उठली. तेव्हा तिने परीक्षक क्रमांक दोनचा चेहराही ठरवून टाकला होता: पांढरे केस, परदेशातला, काचेच्या मोठ्या खिडकीमागे बसलेला, सगळं वाचलेला, म्हणून कंटाळलेला. त्या माणसाला आपण पटलो नाही याचं दुःख करण्यातसुद्धा एक इभ्रत होती... आता त्या खिडकीमागे तिला दुसरंच कुणी दिसू लागलं. गाऊन घातलेली, केस न विंचरलेली एक मुलगी, कुठल्याशा परसात, कुणा सरांच्या पासवर्डने आत शिरलेली, जिचा निबंध अर्धा आहे, जिला सांगितलंय – प्राण्यांवरचे प्रयोग माग. तो कंटाळलेला म्हातारा कदाचित कधी नव्हताच. सगळीकडे मीच असेन. मीच मला तीन ओळी लिहून पाठवते, मीच महिनाभर रडते, आणि त्यालाच ज्ञान पुढे जातंय असं म्हणतात.

तिला रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं.

तासाने तिने ताटली काढली. पडवीच्या वाशाला केळीचा घड टांगायचा आकडा होता. त्याला चिमट्याने पट्टी, पट्टीच्या खालच्या टोकाला चिमट्याने बादली, बादलीखाली चार बोटांवर घडी घातलेलं गोणपाट. पाणी ओतायला शंभर मिलिलिटरचं मापपात्र. आधी तिची स्वतःची जोडी. ती पाचशे नव्वदला सुटली, लोण्यातून सुरी निघावी तशी, आवाज न करता. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिची पट्टी नेहमी अशीच सुटायची.

मग त्यांची पहिली.

दादा दारात येऊन उभे राहिले होते. “किती झालं?”

“दादा, बोलू नका.”

बादलीचं वजन धरून सहाशेच्या पुढे गेलं, तेव्हा तिने थांबून सांधा पाहिला. हलला नव्हता. आठशे. हजार. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ती पाणी उंचावरून ओततेय. कधीपासून, कळलं नाही. पाणी धबाधब पडत होतं, बादली झोके खात होती, प्रत्येक मापाबरोबर पट्टीला वरून एक हिसका बसत होता. तिचा हात तिला न विचारता तसं करत होता. दादांना ते दिसलं असतं तरी कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. असा आणखी एक हिसका, आणि संध्याकाळी ती लिहू शकली असती की प्रयोग करून पाहिला, धरत नाही.

तिने हात खाली आणला. इतका खाली, की मापपात्राची चोच बादलीच्या कडेला टेकली. बादली दोन बोटांनी हलकेच धरून स्थिर होऊ दिली, सोडली, आणि भिंतीला गाल लावावा तसं पाणी आतल्या कडेने उतरू दिलं. बाराशे. पुढच्या मापाआधी ती थांबली, श्वास घेतला. चौदाशे. ती साडेचार वर्षं, तो फ्रीज, त्या काळ्या पडलेल्या बाटल्या, दादांना द्यायची प्रत – सगळं या पट्टीखाली टांगलेलं होतं आणि ती स्वतःच्या हाताने त्यात भर घालत होती. तुटावं असं आता तिला वाटत नव्हतं. तुटू नये असंही नाही. खरा आकडा हवा होता फक्त, आणि तो हवा असण्यात कसलंही सुख नव्हतं, कसलाही मोठेपणा नव्हता. नाक बंद असताना तोंडाने श्वास घ्यावा लागतो, तसं ते होतं. सोळाशे. अठराशे – त्यांनी लिहिलेला आकडा. पाण्याची धार तिने सुतासारखी बारीक केली.

दोन हजारांच्या पुढे कापड फाटल्यासारखा आवाज झाला. बादली गोणपाटावर बसली, उलटली नाही. दुर्गाने वाकून पट्टी उचलली. सांधा जसाच्या तसा होता. त्याच्या वर, नखाएवढ्या अंतरावर, आतडंच फाटलं होतं.

“तुटलं ना शेवटी?” दादा म्हणाले.

तिने बादलीचा बाहेरचा ओला भाग गाऊनलाच पुसला, चिमटा आणि लोंबणारा तुकडा बादलीतच ठेवला, आणि ती सुपारी तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवली. आकडे थोडे वर-खाली झाले, मग थांबले.

दोन किलो, एकशे पंचेचाळीस ग्रॅम.