सहा नंबरच्या खोलीतला लातूर

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मृण्मयीने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा लातूर कोण?"

समोर हेमलता बसली होती. वय एकोणचाळीस, शिक्षण बारावी, कला शाखा. मारुंजीतल्या मृण्मयीच्या कर सल्लागार कार्यालयात अकाउंटंटची एक जागा होती. पगार अठरा हजार, 'बी.कॉम.ला प्राधान्य'. लेखी चाचणीत हेमलताला शंभरपैकी एक्क्याऐंशी मिळाले होते. पदवी नाही म्हणून मृण्मयीने तिला स्वतः ठेवलेले कुठलेही हिशेब दाखवायला बोलावलं होतं. तिने घरच्या चौदा खोल्यांचे आणले.

"भाडेकरू आहे, मॅडम. सहा नंबरची खोली."

"आणि अकोला? परभणी थोरला? परभणी चष्मेवाला?"

"तेपण भाडेकरूच."

हेमलताचे सासरे विठ्ठलराव भाडेकरूला त्याच्या जिल्ह्याने ओळखतात. "ए अकोला, मोटर बंद कर," अशी हाक अंगणातून गेली की अकोला खाली येतो. भाड्याची वही नऊ वर्षांपूर्वी सुनेकडे आली. चार वर्षांपूर्वी तिने तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास केला आणि सगळी खाती हाकेच्या नावाने उघडली.

"जमाखर्च पै न् पै जुळतोय," मृण्मयी म्हणाली. "पण खोलीमागे डिपॉझिट दहा हजार. लातूरचे वीस कसे?"

हेमलताने मागच्या नोंदी काढल्या. पहिले दहा हजार जून २०२२मधले, दुसरे मार्च २०२४मधले. मग तिला आठवलं. सहा नंबरमधला आधीचा मुलगा सौरभ हैदराबादला गेला, त्याच आठवड्यात ओम राहायला आला. ओमही लातूरचाच. विठ्ठलराव नोटा देत म्हणाले होते, "लातूरनं दिल्यात." तिने त्या लातूरच्या खात्यात घेतल्या. सौरभचे परत द्यायचे राहूनच गेले होते.

"चूक आहे, मॅडम. माणसं दोन आहेत. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

मृण्मयीने दिला.

दुपारी दीड वाजता विठ्ठलराव जेवायला बसले होते. चौदा खोल्यांचं भाडं घरात येत असताना सुनेनं दुसऱ्याच्या वह्या कशाला लिहायच्या, हे त्यांचं मत आळीत सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षं वही लिहून आपल्या नावावर एक रुपया पगार नाही, हे हेमलताचं मत त्यांना माहीत होतं.

"मामा, सौरभचे धा हजार आपल्याकडं राहिल्यात."

"कोण सौरभ?"

"पहिला लातूर."

"मग त्यानं मागितलं का न्हाईत?"

"मागायची वाट बघायची व्हय?"

विठ्ठलरावांनी घास खाली ठेवला. "म्हंजी त्या लातूरपायी तुजी नोकरी गेली?"

"गेली न्हाई अजून. आन् लातूरपायी कशाला? नोटा घेताना नाव मी इचारलं न्हाई."

"तू कुटनं इचारणार? हाक मी मारतुया," ते म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

अडीच वाजता सौरभला फोन लागला.

"काकू, आईला वाटलं रंगकामात कापले असतील."

"रंग दिला कुठं होता आम्ही?"

"तेच मी आईला म्हणत होतो."

तीन वाजता पैसे गेले. तोवर फोन विठ्ठलरावांच्या हातात होता. "लातूर, तितं भाकरी मिळती का? लगीन केलंस का न्हाई?"

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता विठ्ठलराव वही घेऊन पहिल्या दारापाशी उभे राहिले. हेमलताने त्यांना सांगितलं नव्हतं.

"तुजं पूर्ण नाव काय रं?"

"बाबा, तीन वर्षं झाली मला इथं."

"म्हणून तर आता इचारतुया. सुनंचा पेपर हाय."

अकरा नंबरच्या मुलाला वाटलं, खोली सोडायला सांगतायत. नाव सांगायच्या आधीच तो, मोटर आपण चालू ठेवली नव्हती, असं सांगू लागला. परभणी चष्मेवाला हिंगोलीचा निघाला.

"मग इतकी वर्षं ओ कशाला देत व्हतास?"

"तुम्ही चहाला बोलवायचात, बाबा."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता हेमलताने चौदा खाती नव्या नावांनी मृण्मयीपुढे ठेवली. सौरभचं पंधरावं, शिल्लक शून्य. मृण्मयीने अर्धा तास तपासलं.

"दुसरी उमेदवार बी.कॉम. आहे," ती म्हणाली. "तिच्या कामात चूक नव्हती."

"माझ्या कामात होती."

"हो."

बाहेर स्कूटरवर बसलेले विठ्ठलराव एव्हाना दारात आले होते. "मॅडम, नावं म्या गोळा केल्यात. चूक निघाली तर मला धरा, हिला न्हाई."

"मामा, तुमी बाहेर बसा."

"बसतुया. सांगून बसतुया."

मृण्मयी हसली. निर्णय आपल्या एकटीचा नाही, भागीदार चंद्रकांत सर शनिवारी कागद बघतील, एवढंच तिने सांगितलं.

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हेमलताला मेसेज आला. सोमवारी सकाळी साडेदहाला या, बारावीचं मूळ प्रमाणपत्र आणा. जागा मिळाली का, हे तिने फोन करून विचारलं. उत्तर आलं: बी.कॉम. झालेल्या मुलीलाही सोमवारी साडेदहालाच बोलावलं आहे.